परदेशी विद्यापीठात नोकरी : राजीनामा आधी की व्हिसा आधी?

अदिती_बोरिवली
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मी मुंबईतल्या एका अनुदानित कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, कायम नोकरी. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात लेक्चररच्या जागेसाठी अर्ज केला होता. ऑनलाइन मुलाखती झाल्या आणि मागच्या आठवड्यात ऑफर आली. रुजू व्हायची तारीख १ सप्टेंबर. स्किल्ड वर्कर व्हिसासाठी विद्यापीठच स्पॉन्सर आहे. इथवर सगळं छान.

गोची पुढे आहे. आमच्या संस्थेची नोटीस तीन महिन्यांची, म्हणजे मे संपायच्या आत राजीनामा द्यायला हवा. तिकडची एच.आर. म्हणते की व्हिसाचा अर्ज रुजू व्हायच्या तारखेआधी तीन महिन्यांच्या आतच करता येतो. म्हणजे १ जूनला. निकाल त्यानंतर केव्हातरी. थोडक्यात, व्हिसा हातात नसताना कायमची नोकरी सोडायची. नवरा म्हणतो, "टाक बिनधास्त." सासरे बँकेतून निवृत्त झालेत, ते म्हणतात, "हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये." दोघांचंही पटतं, हीच पंचाईत.

सोबत नवरा आणि सहा वर्षांची मुलगी येणार. कोणी यातून गेलंय का? क्रम कसा लावलात?

चहाबाज
अभिनंदन! पेढे घाटकोपर पश्चिमेला पाठवून द्या, मग सल्ला देतो.

खडूस_काका
सासऱ्यांचं ऐका. व्हिसा पासपोर्टवर चिकटल्याशिवाय राजीनाम्याच्या कागदाला हात लावू नका. पूर्णविराम.

मँचेस्टरची_मावशी
अदिती, अभिनंदन गं. मी मूळची विलेपार्ल्याची, इथे विद्यापीठात बरीच वर्षं आहे. आमच्या विभागात भारतातून येणाऱ्या प्रत्येकाचा हाच प्रश्न असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

विद्यापीठ तुला सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप देईल. इथे सगळे सीओएसच म्हणतात. नाव सर्टिफिकेट, पण हातात येतो फक्त एक क्रमांक. तो मिळाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज करावा लागतो आणि अर्ज रुजू व्हायच्या तारखेच्या तीन महिने आधीपासूनच करता येतो. एच.आर. बरोबर सांगतेय.

पण तू आत्तापासून जूनपर्यंत हातावर हात ठेवून बसू नकोस. तुझा विषय रसायन, त्यामुळे तुला बहुतेक एटॅस लागेल. संवेदनशील विषयांत संशोधन करणाऱ्या परदेशी लोकांची ती सुरक्षा-तपासणी आहे. अमेरिका, जपान, युरोपीय देश वगैरेंना सूट आहे, आपल्याला नाही. फी नाही, पण वेळ जातो, तीस कामकाजाचे दिवससुद्धा लागू शकतात. बरेच जण इथेच अडकतात, कारण एटॅसशिवाय मुख्य अर्ज भरता येत नाही. विद्यापीठाकडून तुझ्या संशोधनाचं वर्णन मागून घे आणि लगेच भर.

दुसरं इंग्रजी. जानेवारी २०२६ पासून स्किल्ड वर्करसाठी पातळी बी-वन वरून बी-टू झाली आहे. तू इंग्रजी माध्यमात एम.एस्सी., पीएच.डी. केलेली असणार, तेव्हा आयईएलटीएसची गरज नाही. एक्टिस नावाच्या संस्थेकडून तुझी पदवी इंग्रजीतून झाल्याचा दाखला घ्यायचा. त्यासाठी तुझ्या विद्यापीठाचं माध्यमाचं पत्र लागेल.

तिसरं टीबी. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं म्हणजे मान्यताप्राप्त क्लिनिकमधून छातीचा एक्सरे. दाखला सहा महिने चालतो, मेमध्ये केलास तरी पुरतो.

बोरीबंदर_फास्ट
टीबीवरून आठवलं. माझ्या मेहुण्याला लहानपणी टीबी होऊन गेला होता. घरात सगळे विसरले होते, एक्सरे विसरला नव्हता. जुना डाग दिसला आणि थुंकीची तपासणी करायला सांगितली. तीन दिवस रोज सकाळी उपाशीपोटी जायचं, बाटली तोंडाशी धरून खोकायचं आणि नर्स म्हणणार, "खोलातून काढा, नुसती लाळ नको." कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीचा, निकाल यायला दोन महिने लागले. दाखला स्वच्छ मिळाला, पण तोवर सीओएसची मुदत उलटली आणि विद्यापीठाला दुसरा द्यावा लागला.

तेव्हा घरात कुणाला पूर्वी टीबी झालेला असेल तर एक्सरे मेमध्ये नाही, एप्रिलमध्येच काढा.

अदिती_बोरिवली
@मँचेस्टरची_मावशी, खूप आभार! एटॅसचं एच.आर.ने एका ओळीत लिहिलं होतं, मी ते जूनचं काम समजत होते. आजच वर्णन मागवते.
@बोरीबंदर_फास्ट, नवऱ्याला विचारलं. "नाही" म्हणाला. मग सासूबाईंना विचारलं. तर कॉलेजात असताना त्याला "छातीत पाणी" झालं होतं म्हणे! उद्याच अपॉइंटमेंट घेते.

कोथिंबीर
सासूबाई हीच खरी सुरक्षा-तपासणी.

मध्यरेल्वे
मूळ प्रश्नावर येतो. मी एका कॉलेजच्या ऑफिसात आस्थापनेचं टेबल सांभाळतो. राजीनामा कशाला? बिनपगारी रजा मागा आणि लिअन ठेवा. म्हणजे तुमचा धारणाधिकार जागेवर राहतो, तिकडे जमलं नाही तर परत येता येतं. अर्ज प्राचार्यांमार्फत मॅनेजिंग कमिटीकडे जातो, ठराव होतो, मग पुढे सहसंचालक कार्यालयात. सेवेची वर्षं, बाकी रजा, बाँड काही असेल तर तो, हे सगळं सेवापुस्तकात बघून मगच अर्ज लिहा. अर्जात "परदेशी नोकरी" असं मोघम लिहू नका. पदाचं नाव, विद्यापीठ, कालावधी, तारखा सगळं टाका आणि ऑफर लेटर जोडा. मोघम अर्ज शेरा मारून परत येतो आणि त्यात महिना जातो.

खडूस_काका
हे उत्तम. शहाणा माणूस दोर कापून उडी मारत नाही.

तासिका_तत्त्व
काका, दोर तुमचा शाबूत राहतो, पण त्या दोराखाली आम्ही उभे आहोत.

मी नेट, सेट, पीएच.डी. तिन्ही करून सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवतो. पैसे तासावर, सुट्टीत शून्य, दरवर्षी जूनमध्ये नव्याने मुलाखत. अनुदानित जागांची भरती वर्षानुवर्षं रखडलेली. एखादी जागा रिकामी व्हायची वेळ आली की बाई किंवा सर लिअनवर परदेशी जातात, जागा कागदावर भरलेलीच राहते आणि तिथे आम्हाला तासावर लावतात. काही वर्षांनी तिकडून ईमेलने राजीनामा येतो. तोवर आमची उमेदीची वर्षं गेलेली असतात.

अदितीताई, राग तुमच्यावर नाही. तुम्ही मेहनतीने मिळवलंय. पण परत यायचं नाही हे मनात पक्कं असेल तर जागा अडवून ठेवू नका.

मध्यरेल्वे
मुद्दा मान्य आहे. पण नियमाने मिळणारी गोष्ट घेतली तर त्यात गुन्हा नाही. जागा अडतात त्या लिअनमुळे कमी आणि भरतीच्या परवानगीमुळे जास्त. बाई उद्या राजीनामा देऊन गेल्या तरी ती जागा परवा भरेल याची खात्री तुम्ही देता का?

तासिका_तत्त्व
नाही देत. पण जागा रिकामी झाली की निदान मागणी तरी करता येते. भरलेल्या जागेवर मागणीही करता येत नाही.

स्वयंपाकघरातून_सुलभा
दोघांचंही खरं आहे. पण ताई सहा वर्षांची मुलगी घेऊन चालल्यात. वर्षभराने तिकडचा प्रोबेशन नाही जमला तर? एक वर्षाची रजा ही काही चैन नव्हे.

अदिती_बोरिवली
@तासिका_तत्त्व, मीसुद्धा कायम होण्याआधी चार कॉलेजांत तासावर शिकवलंय. एकाच दिवशी कांदिवली, अंधेरी आणि परत मालाड. त्यामुळे तुमचं म्हणणं पोचलं. मोठ्या मुदतीचं लिअन मागणार नाही. फार तर एक वर्ष, आणि त्यात ठरवून कळवेन.

लेले_आजोबा
आमच्या वेळी परदेशी जाताना खिशात आठ डॉलर न्यायची परवानगी होती. त्याहून जास्त परकीय चलन सरकार देत नसे. १९७१ साली मी गेलो तेव्हा विद्यापीठाचा माणूस विमानतळावर आला नसता तर बसचं भाडं देऊन उरलेल्या पैशांत पावच खावा लागला असता. अमेरिकेची वकिलात तेव्हा ब्रीच कँडीला लिंकन हाऊसमध्ये होती, समोर समुद्र. पहाटेपासून रांग. आता ती बीकेसीला गेली, २०११ साली, असं नातू सांगतो.

चहाबाज
आजोबा, आठ डॉलरमध्ये आता बीकेसीत पार्किंग मिळणार नाही.

न्यूजर्सीचा_नाना
अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर सांगतो. विद्यापीठांना एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीतून सूट असते, त्यामुळे इकडे प्राध्यापकी करणाऱ्यांचं बरं चालायचं. पण २१ सप्टेंबर २०२५ नंतर देशाबाहेरच्या माणसासाठी नवा अर्ज केला की एक लाख डॉलर भरायचा फतवा निघाला. त्यातून विद्यापीठांना सरसकट सूट दिली नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलाची असिस्टंट प्रोफेसरची ऑफर त्यावरच लटकली.

जे-वनवर, म्हणजे पाहुण्या संशोधकांच्या वगैरे व्हिसावर, आलात तर आणखी एक लक्षात ठेवा. दोन वर्षं भारतात परत राहायची अट असते, ती माफ करून घ्यायला भारत सरकारचं ना-हरकत पत्र लागतं.

पवई_लॅब
नानासाहेब, दोन वर्षांची ती अट आता सगळ्यांना नाही. कौशल्य-यादीमुळे ज्यांना लागायची त्यांच्यासाठी यादीतून भारताचं नाव ९ डिसेंबर २०२४ला काढलं. सरकारी पैशावर गेलात किंवा डॉक्टर म्हणून वैद्यकीय प्रशिक्षणाला गेलात तर अजून लागते. जुन्या व्हिसावरचा शिक्का बघून घाबरलेले बरेच जण भेटतात, म्हणून लिहिलं.

न्यूजर्सीचा_नाना
हे माहीत नव्हतं, धन्यवाद. माझ्या काळात त्या शिक्क्यापायी एका मित्राने लग्न पुढे ढकललं होतं.

जर्मनीहून_जोशीबुवा
इंग्लंडचा विचार पक्का असेल तर सोडून द्या, पण बाकी वाचकांसाठी जर्मनीचं सांगतो. विद्यापीठात संशोधक म्हणून येणाऱ्याला विद्यापीठाशी होस्टिंग करार करून संशोधकाचा व्हिसा मिळतो, नाहीतर ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांचा नोकरीचा परवाना. फी ७५ युरो. इंग्लंडवाल्यांनी हा आकडा वाचून रडू नये. तुमची पदवी आणि तुमचं विद्यापीठ अनाबिन नावाच्या यादीत बसतंय का ते आधी बघायचं. नाही बसलं तर तुल्यतेचं पत्र मागवावं लागतं. संशोधक किंवा ब्लू कार्डवाल्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला जर्मन भाषेची ए-वन परीक्षा लागत नाही. तरी शिकून या, इथे दुकानदार इंग्रजीत हसतात आणि जर्मनमध्ये उत्तर देतात.

एक मोठा फरक. अपोस्टिल म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का. भारत २००५ सालापासून त्या करारात आहे, पण जर्मनीने त्यावर हरकत नोंदवलेली आहे. त्यामुळे परराष्ट्र मंत्रालयाकडून, पैसे भरून अपोस्टिल करून आणलेला विवाहाचा दाखला इथे चालत नाही. हॉलंडला तोच दाखला अपोस्टिलशिवाय चालत नाही.

कोथिंबीर
म्हणजे दोन सख्ख्या जावा, एकीला साखरेचा चहा चालत नाही, दुसरीला बिनसाखरेचा.

क्योतोची_काशी
जपान! विद्यापीठच तिथल्या इमिग्रेशनकडून पात्रतेचं प्रमाणपत्र काढतं, आता ते ईमेलनेही येतं. ते आलं की निम्मी लढाई संपली. तीन महिन्यांच्या आत जपानमध्ये उतरायचं. मुंबईतली जपानची वकिलात कंबाला हिलला डहाणूकर मार्गावर आहे, त्यामुळे आईला वाटायचं मी महालक्ष्मीला दर्शनाला चाललेय.

ठाणे_लोकल
दर्शनावरून, हैदराबादजवळच्या चिलकूरच्या व्हिसा बालाजीला कोणी गेलंय का? आधी ११ प्रदक्षिणा, काम झालं की १०८.

खडूस_काका
एटॅस भरा, मग प्रदक्षिणा घाला.

घोडबंदर_गणित
पैशाचं कुणीच बोलत नाहीये, मी बोलतो. इंग्लंडचा हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाबरोबर भरायचे पैसे. फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६. पाच वर्षांचा व्हिसा असेल तर पाचही वर्षांचे आधी, एकरकमी. दोन मोठे आणि एक मूल म्हणजे १४,२३० पौंड. आजच्या भावाने सोळा लाख रुपयांच्या वर, आणि त्यात व्हिसाची फी धरलेलीच नाही.

हे अर्ज भरतानाच कार्डाने भरावं लागतं. इथे आपली बँक नडते. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू केलेले नसतात, चालू असले तर मर्यादा दोन लाख. रात्री अकराला अर्ज भरायला बसलात, तीन वेळा व्यवहार फसला की बँकेला चोरीचा संशय येऊन कार्डच बंद. म्हणून आधी शाखेत जाऊन मर्यादा वाढवून घ्या, फॉरेक्स कार्डात पौंड भरून ठेवा, आणि त्यावर टीसीएस, म्हणजे बँक आधीच वसूल करते तो कर, किती लागेल ते बँकेतच विचारा.

विद्यापीठाला दोन गोष्टी विचारा. सरचार्जचे पैसे परत देता का, किंवा पगारातून फेडायचं बिनव्याजी कर्ज देता का. बरीच विद्यापीठं यातलं काहीतरी करतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. आणि सीओएसवर "मेंटेनन्स आम्ही बघतो" अशी खूण करून मागा. म्हणजे खात्यात २८ दिवस पैसे ठेवल्याचा पुरावा दाखवावा लागत नाही.

अदिती_बोरिवली
सोळा लाखांच्या वर वाचून नवऱ्याचा "टाक बिनधास्त" जरा मऊ पडलाय.

चहाबाज
सासरे खूश असतील.

डोंबिवली_दुहेरी
तारीख पुढे ढकलून घ्या की. १ ऑक्टोबर करा, प्रश्न सुटला.

घोडबंदर_गणित
नाही सुटत. रुजू व्हायची तारीख १ ऑक्टोबर केली की अर्जाची खिडकीही महिनाभर पुढे सरकते, १ जुलैला उघडते. नोटीस तीन महिने, खिडकी तीन महिने. दोन्ही सारख्याच लांबीच्या आहेत, तारीख कितीही ढकला, निकालाला लागणारा वेळ तेवढा उरतोच.

कमी करायचा तो हाच वेळ. साधा निकाल बायोमेट्रिक झाल्यापासून तीन आठवड्यांचा, प्रायॉरिटी घेतली तर पाच कामकाजाचे दिवस, माणशी ५०० पौंड जादा. १ जूनला अर्ज, त्याच आठवड्यात बायोमेट्रिक, जूनच्या मध्याला निकाल. मग राजीनामा. नोटीस संपते सप्टेंबरच्या मध्याला. म्हणजे दोन आठवड्यांचाच प्रश्न राहतो.

मँचेस्टरची_मावशी
आणि ते दोन आठवडे भागतात. सीओएसवरच्या तारखेनंतर २८ दिवसांपर्यंत रुजू होता येतं, विद्यापीठाला फक्त तशी नोंद करावी लागते. जुन्या नोकरीची नोटीस पुरी करायची आहे हे कारण चालतं. पण हे आधी लेखी घे. इथे टर्म सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होते, विभागप्रमुख सहसा कुरकुर करत नाहीत.

मध्यरेल्वे
शिवाय नोटीसचा शेवटचा भाग पगार भरून कमी करता येतो. संस्था मान्य करत असेल तर पंधरा दिवसांचा पगार भरायचा आणि मोकळं व्हायचं. तसं अर्जातच लिहा, नंतर तोंडी बोलून काही होत नाही.

सेल्सवाला_संजू
एवढी डोकेफोड कशाला? माझ्याकडे एजंट आहे, सीओएसपासून सगळं पॅकेजमध्ये करून देतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

संपादक_मंडळ
वरचा सदस्य आयडी बंद केला आहे. सर्वांनी लक्षात घ्यावं, सीओएस विकत घ्यायची गोष्ट नाही. कोणतंही विद्यापीठ त्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही.

रॉयल_गिरगाव
उशिरा आलो, पण एक वाट कुणी सांगितलीच नाही. अदितीताई, ग्लोबल टॅलेंट व्हिसाचं एच.आर.ला विचारलंत का?

संशोधन आणि शिकवण्याच्या पदांसाठी त्यात जलद मार्ग आहे. विज्ञानासाठी रॉयल सोसायटी शिफारस देते, अभियांत्रिकीला रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंग, मानव्यशाखांना ब्रिटिश अकॅडमी. पद जाहिरात देऊन, रीतसर मुलाखत घेऊन भरलेलं असलं पाहिजे आणि त्यात स्वतःचं संशोधन चालवायची जबाबदारी असली पाहिजे. लेक्चररचं पद बहुधा यात बसतं. एच.आर.ने तसं पत्र द्यायचं.

फायदा तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. यात सीओएस नाही, त्यामुळे रुजू व्हायच्या तारखेची ती तीन महिन्यांची खिडकीही नाही. आत्ता एप्रिलमध्ये शिफारशीचा अर्ज केलात तर मेमध्ये व्हिसा हातात येऊ शकतो. मग ३१ मेला शांतपणे राजीनामा.

दुसरं म्हणजे किती वर्षांचा व्हिसा हवा ते तुम्ही निवडता, एक ते पाच. सरचार्ज तेवढ्याच वर्षांचा भरायचा. तीन वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, स्किल्ड वर्करला त्याहून जास्त थांबावं लागतं. आणि नोकरी बदलली तर व्हिसा बदलावा लागत नाही. एच.आर. हे स्वतःहून सांगत नाही, कारण त्यांची रोजची सवय स्किल्ड वर्करची.

घोडबंदर_गणित
तीन वर्षं घेतली तर तिघांचा सरचार्ज ८,५३८ पौंड. म्हणजे साडेपाच हजारांहून जास्त पौंड आत्ता वाचले. माझा गणिताचा जोर पाण्यात गेला, पण हे उत्तर जास्त बरोबर आहे.

खडूस_काका
आणि पासपोर्टवर चिकटल्याशिवाय हात लावायचा नाही, हे माझं वाक्य अबाधित.

मँचेस्टरची_मावशी
काका, चिकटत नाही हो आता! जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर, ग्लोबल टॅलेंटवाल्या मुख्य अर्जदाराला ई-व्हिसा मिळतो. पासपोर्ट कोराच परत येतो, सगळं ऑनलाइन खात्यात.

खडूस_काका
मग घरचे कुंकू कुठे लावणार?

कोथिंबीर
लॅपटॉपला. झाकण लावायच्या आत वाळू द्या.

अंधेरी_पूर्व
एक नावाचा मुद्दा राहिला. अदितीताई, पदव्या माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या नावाने असं आहे का? माझ्या बहिणीचं लग्नात पहिलं नावही बदललं होतं. तबकातल्या तांदळात अंगठीने "मृणाल" लिहिलं आणि घरात तीच झाली. पासपोर्ट मृणालच्या नावाने निघाला, पीएच.डी. मात्र सुनीताच्या नावाने. तिकडच्या बाईंना कळेना की या दोघीजणींपैकी नोकरी कुणाला द्यायची. शेवटी राजपत्रातली नावबदलाची नोंद आणि विवाहाचा दाखला जोडला तेव्हा मिटलं. राजपत्रासाठी पूर्वी चर्नी रोडला सरकारी छापखान्यात खेटे घालावे लागत, आता अर्ज ऑनलाइन होतो.

अदिती_बोरिवली
पहिलं नाव वाचलं, आडनाव बदललं. विवाहाचा दाखला आहे, राजपत्र नाही. तेही करून टाकते.

मंडळी, अपडेट. एच.आर.ला ग्लोबल टॅलेंटचं विचारलं. दोन दिवस उत्तर नाही, मग विभागप्रमुखांनाच सीसीमध्ये टाकलं. लगेच उत्तर आलं, पद पात्र आहे, पत्र देतो. तर क्रम असा लावलाय. एप्रिलमध्ये रॉयल सोसायटीकडे शिफारशीचा अर्ज. तिघांचा टीबी दाखला त्याच्याबरोबरच. नवऱ्याचा एक्सरे झाला, स्वच्छ आहे, थुंकी लागली नाही. मेअखेर व्हिसा आला तर राजीनामा, नाही आला तर स्किल्ड वर्करने १ जूनला अर्ज, प्रायॉरिटीने, आणि २८ दिवसांचं लेखी घेऊन ठेवायचं. एटॅस त्यासाठी आत्ताच भरून ठेवतेय, वाया गेलं तर जाऊ दे.

लिअन मागत नाहीये. नवऱ्याशी, सासऱ्यांशी बोलून ठरवलं. प्राचार्यांना आधीच तोंडी सांगितलंय, म्हणजे त्यांना जागेचा प्रस्ताव वेळेत पाठवता येईल.

तासिका_तत्त्व
ताई, तुमचं कॉलेज कुठलं ते विचारत नाही. पण जाहिरात निघाली तर इथे एक ओळ टाका. खूप शुभेच्छा.

अदिती_बोरिवली
नक्की. तुमचा विषय कुठला?

तासिका_तत्त्व
मराठी. :-)

चहाबाज
हात्तिच्या!

अंधेरी_पूर्व
आणि मुलीच्या जन्मदाखल्यावर तिचं नाव आहे ना तेवढं बघा. हॉस्पिटलमधून लगेच काढलेल्या दाखल्यांवर नावाचा रकाना कोरा असतो. नोंदणीपासून पंधरा वर्षांच्या आत वॉर्ड ऑफिसात घालून मिळतं.

अदिती_बोरिवली
आत्ता फाईल काढून बघितली. कोरा आहे. सोमवारी वॉर्ड ऑफिस.